वळकटी ट्रकात, पिशवी खांद्यावर

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, दुसऱ्या दिवशी आळंदीहून माउलींची. दिवस बहुतेक वेळा जूनचे असतात. मराठवाडा, सोलापूर, नगर, बीड भागातल्या ज्या शेतकऱ्यांच्या पायांवर ही वारी चालते, त्यांच्या खरिपाच्या पेरणीचेही नेमके हेच दिवस. कुणाचं पेरून झालेलं असतं आणि पावसाने ओढ दिलेली असते. कुणाचं रान अजून मोकळं पडलेलं असतं. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं असतं, मुलीचं कॉलेज सुरू व्हायचं असतं, आणि हा माणूस पंढरपूरला चालत निघतो. आळंदीपासून धरलं तर साधारण अडीचशे किलोमीटर. वाटेत टाळ वाजवतो, फुगडी घालतो, रात्री तंबूत शांत झोपतो. शहरात बसून पाहणाऱ्याला ही बेफिकिरी वाटते किंवा भाबडेपणा वाटतो. मला तो चिंतेवरचा आपल्या मातीतला सर्वांत पक्का धडा वाटतो, आणि आज तोच तुमच्यापुढे मांडायचा आहे.

निघण्याआधी त्या वारकऱ्याने काय काय केलेलं असतं, ते आधी पाहा. बियाणं-खत घरात आणून ठेवलेलं असतं. भावाला किंवा कारभारणीला बजावून सांगितलेलं असतं की पहिल्या सरीला भुलून पेरू नका, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन ओल पुरेशी खोल गेली की मगच तिफण धरा. कृषी विभागही दरवर्षी हेच सांगतो, कारण घाईने पेरलं आणि पाऊस उघडला की दुबार पेरणी गळ्यात येते. पीकविम्याची कागदं कुणी भरायची ते ठरलेलं असतं. दिंडीची भिशी भरलेली असते, रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत असतात, जनावरांच्या वैरणीची सोय लावलेली असते. एवढं सगळं झाल्यावर तो म्हणतो, आता पांडुरंग जाणे. त्याचा हवाला देवावर आहे, पण आपल्या वाटचं काम त्याने देवावर ढकललेलं नाही. पाऊस पाडणं मात्र त्याच्या हातात कधीच नव्हतं, त्यामुळे ते ओझं तो उचलतच नाही.

दिंडीत पहाटेचं एक दृश्य रोज दिसतं. तीन-साडेतीनला तंबू उतरायला लागतात. बॅटरीच्या उजेडात बायामाणसं आपापल्या वळकट्या दोरीने आवळतात, त्यांवर मार्करने नाव-गाव घातलेलं असतं. अंथरूण, जास्तीचे कपडे, सगळं दिंडीच्या ट्रकात चढतं. चालणाऱ्याच्या खांद्यावर एक छोटी पिशवी राहते. तिच्यात पाण्याची बाटली, टाळ, हरिपाठाची पोथी, पावसाचा कागद. ट्रक पुढच्या मुक्कामाला निघून जातो. वळकटी खांद्यावर घेऊन दिवे घाट चढायचा म्हटलं तर धडधाकट माणूससुद्धा अर्ध्यात बसेल. संकटाच्या काळात आपण बहुतेक जण नेमकं हेच करतो. जे पाठीवर घेऊन चालताच येणार नाही, तेच घट्ट धरून ठेवतो, आणि ज्या छोट्या पिशवीची खरी गरज आहे, ती घरी विसरतो.

म्हणून संकट आलं की पहिलं काम हे: कागद-पेन घेऊन बसा. मनातल्या मनात नको, कागदावरच. मनातली चिंता एकाच गोष्टीचे दहा मुखवटे करून नाचते. कागदावर आली की तिचा आकार दिसतो. कागदाच्या एका बाजूला माझ्या हातात काय आहे ते लिहा, दुसऱ्या बाजूला काय नाही ते.

समजा, घरातल्या कर्त्या माणसाची बायपास ठरली आहे. तुमच्या बाजूला येईल ते असं: जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावणं. चालू असलेल्या गोळ्यांची यादी, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते मोठ्या अक्षरात. आयुष्मान कार्ड किंवा विम्याची पूर्वमंजुरी. रक्तदाते कोण, त्यांचे फोन. रात्री दवाखान्यात कोण थांबणार आणि घरी मुलांपाशी कोण. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, कारण त्यांच्यासमोर उभं राहिलं की नेमके तेच आठवत नाहीत. दुसऱ्या बाजूला येईल: टेबलावर काय होईल, हृदय कसं साथ देईल, किती दिवसांत शुद्ध येईल. बाजू नीट वेगळ्या झाल्या की लक्षात येतं की गेल्या आठवड्यातली झोप आपण दुसऱ्या बाजूपायी घालवली आणि पहिल्या बाजूची फाइल अजून लावलेलीच नाही. आधी ती फाइल लावा. हात कामाला लागले की छातीवरचा दगड थोडा तरी हलतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

आता दुसरी बाजू. ती देवाच्या हवाली करायची म्हणजे नक्की काय करायचं? इथे बहुतेक उपदेश थांबतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. रात्री झोपण्याआधी देवापुढे बसा. देव्हारा असो, भिंतीवरची तसबीर असो, नाहीतर नुसतं डोळे मिटून बसा. आणि त्या बाजूचं एकेक वाक्य तोंडाने, आवाज काढून सांगा. ‘सगळ्यांचं भलं कर’ असं गोळाबेरीज मागणं नको. ‘उद्या सकाळी आठला यांना आत नेणार आहेत. मला भीती वाटते. आत मी असणार नाही, तू अस.’ असं. रोजच्या बोलीत, आईशी बोलावं तसं. मग आपल्या बाजूची यादी पाहा, उद्याचं पहिलं काम कोणतं ते ठरवा आणि पाठ टेका. पहाटे जाग येऊन तेच विचार पुन्हा उभे राहतील. राहू देत. पुन्हा तेच वाक्य बोला. वळकटी रोज पहाटे नव्याने ट्रकात चढवावी लागते. काल चढवली होती म्हणून आज आपोआप चढत नाही. चिंता परत आली म्हणजे श्रद्धा कमी पडली असं समजून स्वतःला दोष देत बसणारे पुष्कळ भाविक मला भेटतात, आणि त्यांच्यासाठी जीव तुटतो. एका चिंतेवर ही दुसरी चिंता चढवू नका.

संत काळजीच्या पलीकडे पोहोचलेले होते, आपण संसारी माणसं, असंही म्हटलं जातं. तुकोबांचं चरित्र तसं सांगत नाही. देहूच्या या वाण्याचं दुकान होतं, घरात सावकारी होती. १६३० चा दुष्काळ आला आणि सगळं धुऊन गेलं. दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. आईवडील त्याआधीच गेले होते. आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला इतकं एकदम येतं. तुकोबा डोंगरावर जाऊन बसले. तिथून परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा हाती घेतलेल्या गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पूर्वजांनी स्थापलेलं विठ्ठलाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. आणि लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं धाकट्या भावाबरोबर वाटून घेतली. कान्होबाच्या वाट्याची अर्धी त्याला दिली, आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत बुडवली. देवावर भार टाकायचा तो स्वतःच्या हिश्शाचा, भावाच्या पोटाचा नाही, एवढा विवेक त्या दुःखातही शाबूत होता. घरच्यांचा हिस्सा परस्पर ‘देवावर सोडून’ मोकळे होणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर आठवावा. नोकरी सोडून ‘देव बघून घेईल’ म्हणत बसणं, घरात न विचारता ठेव मोडून यात्रा करणं, मुलीच्या फीचे पैसे दानपेटीत घालणं, हा विश्वास नव्हे.

याच तुकोबांनी पुढे विठ्ठलाशी कडाकडा भांडण केलं. त्यांच्या गाथेत देवाला जाब विचारणारे, त्याला कठोर म्हणणारे अभंग आहेत. जनाबाई तर देवाला घरच्या माणसासारखं बोलते. नामदेवांनी रुसवे धरले. हे मुद्दाम सांगतो, कारण देवापुढे नेहमी गोड आणि समाधानीच बोललं पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत पसरली आहे. पोटचं मूल आजारी आहे आणि तोंडाने मात्र ‘तुझी इच्छा, देवा’ म्हणायचं, हे बहुतेकांना झेपत नाही. मग प्रार्थनाच बंद पडते. त्यापेक्षा राग असेल तर राग बोला. ज्याच्याशी भांडतो त्याच्याशी नातं असतं. गाथा बुडवायला लावली तेव्हा तुकोबा इंद्रायणीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले, असं परंपरा सांगते. तेराव्या दिवशी वह्या तरल्या हे आपण सगळे सांगतो. पण पाचव्या-सहाव्या दिवशी पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे कुणी सांगत नाही. तुम्ही आज कदाचित त्या सहाव्या दिवसावर आहात. अशा दिवशी तुम्ही देवापाशी नुसते बसलात, तरी खूप आहे.

नामाचं म्हणाल तर ते कामाला जोडा. चिंता पळवायची म्हणून मुद्दाम आसन घालून बसलात की मन उलट चिंतेकडेच डोळे लावून बसतं, गेली का गेली का विचारत राहतं. आमच्या संतांनी नाम धंद्याला बांधलं. सावता महाराज अरणच्या मळ्यात, गोरोबाकाका तेरला मातीच्या चिखलात, जनाबाई जात्यावर. तुमचं जातं कोणतं ते शोधा. पोळ्या लाटणं, लोकलचा रोजचा प्रवास, दूध घालायला जाणं, ऑफिसचा जिना. त्या वेळेपुरतं नाम, बाकी काही नाही. संध्याकाळी शक्य असेल तर ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ म्हणा. सत्तावीस अभंगांचा तो पाठ आहे, अर्थ पूर्ण कळला नाही तरी त्याची लय श्वासाला लागते. आणि आठवड्यातून एकदा तरी चार माणसांत म्हणा. गावातलं भजनी मंडळ, सोसायटीतला हरिपाठ, सप्ताह, जे जवळ असेल ते. एकट्याची चिंता रात्री फुगते. चौघांत बसून टाळ वाजवल्यावर निदान एवढं तरी कळतं की शेजारच्या काकूंच्या घरातही किडनीचं दुखणं आहे आणि तरी त्या आल्या आहेत.

नेमही अडला तर काय? २०२० साली करोनामुळे पायी वारीच झाली नाही. मानाच्या पादुका एसटीने पंढरपुराला गेल्या. वर्षानुवर्षं न चुकलेली वारी डोळ्यांदेखत हुकलेली माणसं त्या आषाढीला घरात बसून होती. त्यांनी घरीच हरिपाठ केला, एकादशी केली, आणि पुढच्या वारीची वाट पाहिली. तेव्हा तुमचा नेम आजारपणात, दवाखान्यात, पाळीच्या ड्यूटीत मोडला तर हळहळ जरूर वाटू द्या, अपराधी वाटून घेऊ नका.

ही रीत एका विठ्ठलाची नाही. तुमचं दैवत खंडोबा असेल, तुळजाभवानी असेल, कुणाचा प्रभू येशू असेल. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारलं. त्या प्रार्थनेवर विसंबणाऱ्या बाई होत्या. दुष्काळी भटकंतीत त्यांनी आपले आईवडील गमावले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली त्यांनी केडगावला आणल्या. इतक्या तोंडांना अन्न कुठून येईल हे त्यांनी देवावर सोपवलं, आणि केडगावच्या कोरड्या जमिनीत विहिरी खणून घेतल्या, मुलींना विणकाम, छपाई, शेती शिकवली. दुसऱ्या धर्माच्या वाटेने गेलेली ही मराठी बाई आणि बियाणं भरून वारीला निघालेला शेतकरी, दोघांची चाल मला एकच दिसते.

इथे एक सावधगिरी कळकळीने सांगायची आहे. माणूस घाबरलेला असतो तेव्हाच त्याच्याकडे अंगारे, ताईत, हजारो रुपयांचे खडे आणि ‘करणी उतरवून देतो’ म्हणणारे महाराज येतात. नवस बोलून देवाशी सौदा करण्याच्या वृत्तीवर तुकोबांनी स्वतः कडक टीका केली आहे. जो तुमच्या भीतीवर पैसे मागतो, जो डॉक्टरांचं औषध बंद करायला सांगतो, जो ‘घरात कुणाला सांगू नका’ म्हणतो, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, अघोरी प्रकाराची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. देवावरचा विश्वास माणसाला निर्भय करतो. कुणाच्या पायाशी गेल्यावर तुमची भीती वाढत असेल, तर ते ठिकाण देवाचं नाही.

आणि काही चिंता एकट्या प्रार्थनेने पेलण्याजोग्या नसतात. आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, छाती धडधडते, जेवण उतरत नाही, कामात हात चालत नाही, किंवा जगू नये असे विचार येतात, तर हा आजार आहे. त्याला डॉक्टर लागतो. मधुमेहाची गोळी घेताना कुणी म्हणत नाही की याचा विठ्ठलावर विश्वास नाही. मनाच्या औषधालाही तोच न्याय लावा. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. कर्जाखाली दबलेल्या शेतकरी घरांमध्ये हा क्रमांक भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी लिहून ठेवावा असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या बोलण्यात आत्महत्येचा विचार डोकावला तर त्याला एकटं सोडू नका. हातातलं काम टाका आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा.

एवढं सगळं करूनही पाऊस येत नाही, ऑपरेशन फसतं, मूल जातं, असंही होतं. हे लपवून विश्वासाच्या गोष्टी सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नव्हे. चोखोबांना आठवा. ज्या विठ्ठलासाठी ते जगले त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकू दिलं गेलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते कोसळलं आणि त्याखाली ते गेले. नामदेव तिथे गेले, त्यांनी चोखोबांच्या अस्थी पंढरपुराला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. भक्ती हा विमा नाही. चोखोबांचा देव त्यांना भिंतीखालून ओढून काढायला आला नाही, तरी त्यांच्या अभंगांतला देव खोटा ठरत नाही, आणि त्यांनी भोगलेला अन्यायही त्यामुळे खरा व्हायचा राहत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी उराशी धरता येणं फार कठीण आहे. साने गुरुजींना ते जमलं. ते विठ्ठलाचे भक्त होते, म्हणूनच १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं यासाठी त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, आणि देऊळ उघडलं. तेव्हा तुमच्यापुढची अडचण जर कुणाच्या अन्यायातून आली असेल, कामावरचा छळ असेल, सासरची मारहाण असेल, जमिनीची फसवणूक असेल, तर ‘देव बघेल’ म्हणून सोसत बसू नका. तक्रार लिहिणं, वकील गाठणं, माहेरी फोन करणं हे तुमच्या बाजूच्या यादीतलं काम आहे.

शेवटी, चिंता दुसऱ्याची असते तेव्हाचं थोडं. शेजाऱ्याच्या घरी संकट आलं की आपण जातो आणि म्हणतो, ‘देवावर विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.’ हेतू चांगला असतो. पण ज्याच्या घरात आग लागली आहे त्याला हे वाक्य जड जातं, कारण ठीक होईल याची खात्री आपण द्यायची नसते आणि विश्वास सांगून ठेवता येत नाही. त्याऐवजी आपणच त्याच्या बाजूची यादी हातात घ्या. ‘उद्या बँकेत मी तुमच्याबरोबर येतो.’ ‘रात्री दवाखान्यात मी थांबते, तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या.’ ‘मुलांना परीक्षा होईपर्यंत आमच्याकडे पाठवा.’ डबा न्याल तेव्हा भाजी कमी तिखट करा, दवाखान्यात बसलेल्या माणसाचं पोट बिघडलेलं असतं. स्टीलच्या डब्यावर आपलं नाव घालून द्या आणि परत आणायची घाई करू नका. मग जाता जाता, त्याची इच्छा असेल तर, दोन मिनिटं एकत्र नाम घ्या. ज्याच्या हाताला आपला हात लागला आहे, त्याच्या तोंडी ते नाम जास्त सहज येतं.